आधी वाट मोकळी, मग खोली

घरभेटीला गेल्यावर चाळीतल्या एखाद्या आजींच्या १० बाय १२ च्या खोलीत रद्दी, डबे, पिशव्या छताला टेकलेल्या दिसल्या की तोंडात पहिला शब्द येतो ‘कचरा’. तो गिळायचा. आजी ज्याला ‘माझं सामान’ म्हणतात, त्याला आपणही सामानच म्हणायचं. वस्तू टाकवत नाहीत हा आळस नव्हे. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, असं अतिरेकी साठवणं (‘होर्डिंग’) स्वतंत्र मानसिक विकार म्हणून नोंदलेलं आहे.

पहिल्या भेटीत आवराआवरीचा विषय नको. दारापासून अंथरुणापर्यंत आणि मोरीपर्यंत चालता येतं का, शेगडीजवळ कागद-कपडे आहेत का, एवढं बघा. पावसाळ्यात उघड्या डब्यांत साचलेलं पाणीही. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. ‘आजी, रात्री मोरीकडे जाताना पाय अडखळत नाही ना?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. मग हातभर वाट मोकळी करायची. वस्तू त्यांनीच उचलायची, कुठे ठेवायची तेही त्यांनीच ठरवायचं. १५ मिनिटं पुरे.

मुलगा म्हणेल, ‘ताई, आई गावाला गेली की टेम्पो बोलावतो.’ त्याला थांबवा. परस्पर फेकलं की विश्वास तुटतो आणि खोली बहुधा पुन्हा भरते. (शेजाऱ्यांची तक्रार ऐका, पण जिन्यात, आजींच्या दारात नको.)

विसरभोळेपणा नव्याने दिसत असेल किंवा जेवणखाण सुटलं असेल, तर मुंबईत केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. फोनवर बोलायचं असल्यास टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.