कोलोरॅडोत पगारातला फरक कसा शोधायचा आणि पुढे काय करायचं

कोलोरॅडोत नोकरी करताय आणि तेच काम करणारा पुरुष सहकारी जास्त पगार घेतोय असा संशय आला तर मनातल्या मनात कुढत बसू नका. इक्वल पे फॉर इक्वल वर्क अ‍ॅक्ट, म्हणजे समान कामाला समान पगाराचा राज्याचा कायदा, १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि खूप जणी तो वापरतच नाहीत, याचंच मला वाईट वाटतं.

पहिलं काम, स्वतःच्याच कंपनीच्या जॉब पोस्टिंग बघा. पगाराची रेंज टाकणं कंपनीला बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्याच पदाची जाहिरात निघाली आणि तिची खालची रक्कम तुमच्या पगाराच्या वर असली तर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा, जाहिरात कधीही गायब होते. सहकाऱ्यांना पगार विचारा, कंपनी त्याला मनाई करू शकत नाही. इंटरव्ह्यूत जुना पगार विचारणंही बेकायदा आहे, "या पदाची रेंज काय आहे?" असं उलट विचारा.

मग एचआरला ईमेल, तोंडी नको. काम काय, अनुभव किती, फरक किती आणि शेवटी थेट प्रश्न: हा फरक सिनिऑरिटी, मेरिट, शिक्षण-अनुभव, कामाचं ठिकाण यातल्या नेमक्या कशामुळे आहे? कायद्यात ठराविकच कारणं चालतात, "तिने मागितलाच नाही" हे त्यात बसत नाही.

रेंज न टाकल्याची तक्रार राज्याच्या लेबर डिपार्टमेंटकडे करता येते, दंड ५०० ते १०,००० डॉलर. कमी पगाराचा दावा कोर्टात करता येतो, आणि २०२४ पासून थकबाकी सहा वर्षांपर्यंतची मागता येते, म्हणून जुन्या पे-स्लिपा जपा. वकिलाला लवकर भेटा, दावा दाखल करायची मुदत दोन वर्षांचीच आहे.

आता हे कायदे करतं कोण, तर डेन्वरच्या कॅपिटलमधलं, म्हणजे विधानभवनातलं, राज्याचं विधिमंडळ: हाऊस या सभागृहाचे ६५ आणि सेनेटचे ३५ सदस्य. इथे १८९३ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, १८९४ मध्ये तिघी हाऊसवर निवडूनही आल्या. २०१८ च्या निवडणुकीनंतर हाऊसमध्ये बायकांचं बहुमत झालं, पण २०२५ पर्यंत गव्हर्नर म्हणून एकही बाई नाही!

अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, १२० दिवस चालतं आणि प्रत्येक बिलाची कमिटीत सुनावणी होते. विधिमंडळाच्या वेबसाइटवर नाव नोंदवून घरून ऑनलाइन बोलता येतं, मोजकी मिनिटं मिळतात म्हणून भाषण नको, स्वतःच्या पगाराचे आकडे सांगा. सिटिझन असाल तर सम वर्षांच्या मार्चमधल्या प्रिसिंक्ट कॉकसला, म्हणजे पार्टीच्या वस्तीपातळीवरच्या बैठकीला जा, त्यासाठी पार्टीत नोंदणी निदान २२ दिवस आधी लागते. तिथे माणसं थोडीच असतात, त्यामुळे पार्टीच्या पुढच्या सभेला प्रतिनिधी म्हणून कुणाला पाठवायचं यात तुमच्या एका हाताला खरंच वजन असतं.