फोटोशूटची स्टायलिंग: सेटवर जाण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

शूट एका दिवसाचं असतं, स्टायलिस्टचं काम मात्र चार दिवसांचं. दोन दिवस दुकानांतून कपडे-दागिन्यांचा माल गोळा करायचा, एक दिवस सेटवर, एक दिवस परत पोचवायचा. नवीन मुलं पैसे सांगताना फक्त सेटचा दिवस मोजतात. मग परवडत नाही म्हणून तयारीत काटछाट होते आणि खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. म्हणून कोटेशनमध्ये तयारीचे दिवस, टॅक्सी आणि ड्रायक्लीन वेगळे लिहा. मागायला लाज वाटते, पण पहिल्यांदाच वाटते.

रंग दुकानाच्या दिव्यांखाली ठरवणं

हिंदमाता असो की लक्ष्मी रोड, साडी आवडली की पदर हातात धरून दुकानाच्या दारात, उजेडात या. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. शोरूमचे पिवळे दिवे ३००० केल्विनच्या आसपास असतात, तर स्टुडिओच्या फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० चा, दुपारच्या उन्हासारखा. दुकानात मोरपिशी वाटलेलं वस्त्र फ्लॅशखाली सरळ निळं दिसू शकतं.

धूपछाव पैठणीत तर ही गडबड दुप्पट. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे प्रकाश कुठून पडतोय त्यावर रंग बदलतो. माझ्या एका कॅटलॉगमध्ये एकच साडी समोरून जांभळी आणि बाजूने लाल आली, आणि क्लायंटने विचारलं, ‘यातली आमची साडी कोणती?’ आता मी शूटआधी क्लायंटशी ठरवून घेते की विकताना कुठला रंग सांगणार आहात, आणि मुख्य फोटोचा लाइट त्यावरून बसवायला फोटोग्राफरला सांगते.

बारीक चौकडी

ही चूक मला स्वतःला महागात पडली. पुरुषांच्या हातमागाच्या शर्टांचं काम होतं, चौकडी इतकी बारीक की लांबून एकच रंग वाटावा. डोळ्याला सुंदर. मॉनिटरवर मात्र शर्टावर पाण्याच्या लाटांसारखे इंद्रधनुषी पट्टे. कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची जाळी एकमेकींत अडकली की असं होतं, फोटोग्राफर त्याला मॉयरे म्हणतात. नंतर कॉम्प्युटरवर ते काढणं म्हणजे प्रत्येक फोटोमागे वेळ घालवणं. अर्धा दिवस पुन्हा शूट केलं, स्टुडिओचं भाडं मी भरलं.

दुकानात आठ-दहा फुटांवरून मोबाइलने फोटो काढून बघा. तिथेच लाटा दिसल्या तर सावध व्हा, नाही दिसल्या तरी निश्चिंत होऊ नका. शूटच्या सकाळी पहिला फोटो त्याच कपड्याचा घ्यायला लावा आणि पूर्ण मोठा करून तपासा. कधी कॅमेरा दोन पावलं पुढे-मागे केला तरी भागतं. सोबत त्याच रंगाचा साधा शर्ट मात्र असू द्या.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुभ्र पांढरं नको. कडा विरघळतात. मोतिया घ्या.

शिवलेली नऊवारी

वेळ वाचतो म्हणून शिवलेली आणली जाते. हळदीकुंकवाला ती ठीक आहे, पण फोटोत शिवलेल्या निऱ्या पुठ्ठ्यासारख्या दिसतात आणि मॉडेल बसली की कळतंच. नेसवणारी ताई बोलवा आणि कॉलटाइममध्ये, म्हणजे सगळ्यांना सेटवर बोलवायच्या वेळेत, तिचा अर्धा तास धरा. बसलेले फोटो आधी उरकू नका. एकदा बसून उठलं की काष्टा सैलावतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

नाक टोचलेलं आहे का हे मॉडेलला आदल्या दिवशी विचारा आणि तरीही दाबाची नथ किटमध्ये ठेवा. आणखी एक, याचा दोष स्टायलिस्टच्या माथी येतो पण चूक दुसऱ्याची असते: लेआउट करणारा जागेसाठी फोटो आरशासारखा डावा-उजवा उलटा करतो, मग पदर उजव्या खांद्यावर जातो आणि डावीकडची नथ उजवीकडे. फोटो छापून आला की पहिला फोन कुणाच्या तरी आत्याचा येतो. ‘आरसा करू नका’ हे मेलवर लेखी द्या.

उसना माल

इथे नाव खराब होतं, आणि एकदा झालं की ते दुकान पुन्हा माल देत नाही. टॅग कापू नका, आत दुमडून पिनेने अडकवा. रेशमात पिन मात्र काठाजवळच्या दाट विणीत नाही, फॉलच्या शिवणीत घाला. चपलांच्या तळाला घरातून निघतानाच मास्किंग टेप लावा. डोक्यावरून घालायचा कुर्ता असेल तर मेकअप झालेल्या चेहऱ्यावर आधी पातळ ओढणी टाका. गळ्याला लागलेलं फाउंडेशन चोळलं की पसरतं, म्हणून ते तसंच धोब्याकडे द्या. स्टीमर रेशमावर धरण्याआधी बाजूला दोनदा फुसकारू द्या, सुरुवातीच्या वाफेत पाण्याचे थेंब असतात आणि त्यांचा डाग राहतो.

चलनाची, म्हणजे दुकानाने दिलेल्या मालाच्या यादीची, प्रत हातात घेऊन सेट सोडण्याआधी मोजदाद करा, कितीही दमलात तरी. भुलेश्वरहून आणलेल्या झुमक्यांतला एक कमी भरला तर तो रात्रीच मेकअपच्या खुर्चीखाली सापडतो. सकाळपर्यंत स्टुडिओ झाडून झालेला असतो.