लाल टोपी की केशरी?

इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळलीच पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या मिलीला ४० युनिटच्या असतात. त्यांना लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटवालीला केशरी. ४०ची बाटली केशरी सिरिंजने भरली, तर २०च्या खुणेपर्यंत ओढूनही शरीरात जातात जेमतेम ८ युनिट, आणि साखर का उतरत नाही म्हणून घरचे गोडावर नजर ठेवतात! उलटी गल्लत जास्त घातक: २०च्या जागी ५० युनिट, साखर धाडकन खाली. इन्सुलिनच्या पेनमधल्या कार्ट्रिजमध्येही सहसा मिलीला १०० युनिट असतात. म्हणून पेन अडलं तरी त्याच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढू नका. घाईत दुकानदार हाताला येईल ती सिरिंज देतो. टोपी पडलेली असली तर नळीवर छापलेलं ‘यू-४०’ किंवा ‘यू-१००’ वाचा आणि बाटलीच्या लेबलाशी ताडून पाहा.