तलावाच्या पाण्यावरून भांडण असेल तर गावानेच अभ्यास कसा करायचा

खान्देशात तापी-गिरणेच्या पाण्यावर बोलायला भरपूर लोक आहेत, पण साक्री किंवा पारोळ्याकडच्या एखाद्या पाझर तलावावरून दोन गावांचं बोलणं बंद पडतं त्याची नोंद कुठेच होत नाही. ती नोंद आपणच करायची, आणि दोन्ही गावांना मान्य होईल अशीच करायची, नाहीतर तिचा उपयोग नाही.

दिवाळीच्या आसपास सुरू करा. मे महिन्यात सगळे तापलेले असतात, तेव्हा कोणी खरं सांगत नाही. टीममध्ये दोन्ही गावांची माणसं हवीत, बायका हव्यातच, कारण पाणी आटल्यावर पहिली पायपीट त्यांचीच. ज्याची मोटार तलावावर आहे त्याला टीममध्ये घ्या पण पुढारपण देऊ नका.

आधी कागद. तलाव कोणाकडे आहे ते बघा, साधारण 100 हेक्टरपर्यंत सिंचन असलेले जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदाकडे. साठवण क्षमता, मृत साठा (तळाचं, वापरात न धरलेलं पाणी), मासेमारीचा ठेका, उपशाच्या परवानग्या, हे सगळं मागा. दिलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, निम्मी भांडणं इथेच आहेत. पाझर तलाव बांधतात तो खालच्या विहिरींना पाझर मिळावा म्हणून, थेट मोटार टाकून उपसायला नाही. मग काठावरच्या चार मोटारी रात्रभर चालल्या की दोन किलोमीटर खालच्या माणसाची विहीर जानेवारीतच तळ गाठते, आणि त्याला वाटतं पाऊसच कमी झाला. म्हणून फक्त तलाव बघून चालणार नाही, खालच्या विहिरीसुद्धा मोजायच्या, सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी, दोरीला वजन बांधून, दर वेळी त्याच विहिरी.

तलावात सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली पट्टी उभी करा. आठवड्यातून एकदा दोन्ही गावांचा एकेक माणूस सोबत जाऊन आकडा वाचेल, दोघं सही करतील, मोबाइलवर फोटो काढतील. एकट्याने वाचलेला आकडा वहीत घेऊच नका. 10 हेक्टर पाण्यावर पातळी 1 सेंटिमीटर उतरली तर 10 लाख लिटर पाणी गेलं, हा हिशेब लोकांना पटकन कळतो. पण ते सगळं मोटारींनीच नेलं असं नाही, ऊन पण पितं आणि जमीन पण. त्यासाठी लाइट दिवस-रात्र गेलेली असेल तेव्हा त्या सकाळची आणि दुसऱ्या सकाळची पातळी लिहून ठेवा, डिझेल इंजिन चालू नसेल तर ती घट ऊन आणि पाझराची. त्याच्या आसपासच्या बाकी दिवसांची जास्तीची घट साधारण उपशाची.

माणसांशी बोलताना "पाणी कोण चोरतं" असं कधीच विचारू नका. "नाना, मागच्या उन्हाळ्यात विहीर कधी आटली, मग काय केलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. समोरचा अहिराणीत बोलतो तर तुम्हीही अहिराणीतच बोला, सातपुड्याकडे पावरी किंवा भिली येणारा माणूस सोबत न्या. मोटारीचा एचपी, पाइपलाइन, पीक लिहा पण नाव लिहू नका, नंबर द्या, कारण विनापरवाना मोटारींची यादी कोणाच्या हातात गेली की अभ्यास तिथेच संपला.

सभेत न येणाऱ्यांकडे तुम्हीच जा. गुरं-मेंढ्या घेऊन येणारे ठेलारी, मासेमारी करणारे भोई, बुडीत जमीन गेलेले, गाळपेर करणारे (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे). मासेवाल्याला पाणी उन्हाळाभर टिकायला हवं असतं, गाळपेरवाल्याला ते लवकर उतरायला हवं असतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि ठरावात बहुतेक वेळा दोघांचंही नाव नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने सामाईक वाटायच्या जुन्या रीतीत, पाणी वाटलेले म्हातारे पाटकरी अजून सापडले तर त्यांच्याजवळ निवांत बसा. कोणत्या फडात (शेतांच्या गटात) कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, म्हणजे पाण्याची मागणी आधीच बांधलेली, ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली की तरुण पोरं विचार करायला लागतात.

आकडे तलाव ज्यांच्याकडे आहे त्या ऑफिसला द्यायच्या आधी दोन्ही गावांना वेगवेगळे वाचून दाखवा, हरकत आली तर त्याच माणसाला पट्टीजवळ नेऊन परत मोजा, मगच दोन्ही ग्रामसभांत एकाच दिवशी ठेवा. वहीच्या दोन प्रती करा, एकेक दोन्ही ग्रामपंचायतीत, आणि तलाव भरून सांडवा वाहेपर्यंत पट्टीचं वाचन बंद करू नका.