कोल्हापुरातून न्यूक्लियसची साईज मोजायला जायचं असेल तर

एमएस्सी फिजिक्सची पोरं विचारतात, दादा तू लेसरनं न्यूक्लियसची, म्हणजे अणूच्या केंद्राची, साईज मोजतोस म्हणजे नक्की करतोस काय, आणि त्यात घुसायला काय लागतं. एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे न्यूक्लियस आपल्याला दिसत बिसत नाही. त्याची त्रिज्या काही फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा दहा लाख कोटीवा भाग नव्हे, त्याच्याही शंभरावा), लेसरची वेव्हलेंग्थ त्याच्या कोट्यवधी पट. आपण बघतो इलेक्ट्रॉनकडं. एस-ऑर्बिटलमधला (केंद्राभोवतीच्या गोल ढगातला) इलेक्ट्रॉन थोडा केंद्राच्या आतही जाऊन येतो, त्यामुळं तिथला चार्ज किती पसरलाय यावर त्याची एनर्जी किंचित बदलते आणि एकाच मूलद्रव्याच्या दोन आयसोटोपच्या (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त) रेषा, म्हणजे ते ज्या ठराविक फ्रिक्वेन्सीचा प्रकाश शोषतात त्या, जराशा सरकतात. कॅल्शियम आयनची 397 नॅनोमीटरची रेषा घ्या, फ्रिक्वेन्सी साधारण 755 टेराहर्ट्झ, आणि कॅल्शियम-40 नि 42 मधला फरक जेमतेम 425 मेगाहर्ट्झ! त्यातला पण बहुतेक भाग साईजचा नसतोच, वस्तुमानाचा असतो, म्हणजे जड पैलवान कमी हलतो तसं जड केंद्र कमी हलतं. तो वजा करून जे उरतं ते आपलं. खरा विषय हार्ड इथंच आहे, लेसर त्यामानानं सोपा.

गंमत बघा, कॅल्शियम-48 मध्ये 8 न्यूट्रॉन जास्त, तरी चार्ज त्रिज्या (चार्जच्या पसाऱ्याची त्रिज्या) 40 एवढीच, सुमारे 3.48 फेम्टोमीटर. आणि 52 ची मात्र अपेक्षेपेक्षा बरीच मोठी निघाली, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या आयसोल्डे या आयसोटोप बनवणाऱ्या केंद्रातला हा रिझल्ट 2016 ला आला. असले आयसोटोप काही सेकंदच टिकतात म्हणून बनवले की लगेच बीम करून मोजायचे.

रोजचं काम म्हणाल तर व्हॅक्यूम पंप, केबल, हाय व्होल्टेज. आयनना 30 हजार व्होल्टनं पळवलं की त्यांच्या वेगातला फरक आवळला जातो आणि रेषा बारीक मिळते, मग लेसर एका जागी लॉक करून व्होल्टेज थोडं थोडं बदलत स्कॅन करायचं, वेग बदलला की आयनला लेसरची फ्रिक्वेन्सी बदललेली दिसते, हा डॉप्लर इफेक्ट बाकीचं बघून घेतो. पण कॅल्शियममध्ये 1 व्होल्ट चुकला की साधारण 16 मेगाहर्ट्झ चुकतात, म्हणून व्होल्टमीटरचं कॅलिब्रेशन लेसरइतकंच महत्त्वाचं, आणि हे मुलाखतीत बोललात तर समोरचा सरसावून बसतो.

शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं काम जोरात आहे, तिथं प्रोजेक्ट करा, काय बिघडत नाही, व्हॅक्यूमचा हात तिथंच बसतो. सोबत हायपरफाईन स्ट्रक्चर (केंद्राच्या स्पिनमुळं रेषा फुटते ते) नीट वाचा, किंग प्लॉट (वस्तुमानाचा नि साईजचा भाग वेगळा करायचा ग्राफ) स्वतः काढून बघा, पायथॉनमध्ये व्हॉइट प्रोफाईल (रेषेच्या आकाराचं सूत्र) फिट करा आणि एरर कुठून आला हे सांगता येऊ द्या. पीएचडीसाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा तर द्यायच्याच. इंदूरचं आरआरकॅट (लेसर नि अ‍ॅक्सिलरेटर), दिल्लीचं आययूएसी, कोलकात्याचं व्हीईसीसी (दोन्ही अ‍ॅक्सिलरेटर) या संशोधन केंद्रांतल्या समर इंटर्नशिपवर लक्ष ठेवा. बाहेर लूव्हन (बेल्जियम), मँचेस्टर (इंग्लंड), डार्मश्टाट (जर्मनी), युवास्कुला (फिनलंड) इथले ग्रुप हेच करतात, युरोपात पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरीसारखी असते, तेव्हा प्रोफेसरला मेल करताना त्यांच्या एखाद्या ग्राफबद्दल नेमका प्रश्न विचारा, 'रिस्पेक्टेड सर' छाप पानभर कौतुक कोण वाचत नाही.

घरचे विचारणारच, पुढं नोकरीचं काय. तर हाच 397 चा लेसर आणि हाच कॅल्शियम आयन ट्रॅप्ड-आयन (आयन एका जागी पकडून ठेवणाऱ्या) क्वांटम कॉम्प्युटरमध्ये वापरतात, आणि 2023 ला मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनला 6003 कोटी रुपये आहेत. आईला तेवढा आकडा सांगा.