हार्ड डिस्क उघडेना? हात लावण्याआधी एवढं जमवा

डिस्क जोडली, दिवा लागला आणि विंडोजने 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं, तर रद्द करा आणि डिस्क काढून बाजूला ठेवा. सगळी तयारी होईपर्यंत ती पुन्हा जोडायची नाही. 'चेकडिस्क (विंडोजची डिस्क दुरुस्त करायची सोय) मारून बघ की' म्हणणारा एकजण प्रत्येक गल्लीत असतोच. त्याला चहा पाजा, डिस्क देऊ नका. चेकडिस्कला फाइल सिस्टम सरळ करायची असते, तुमच्या फाइलींचं तिला काही पडलेलं नसतं. शिवाय ती जे बदलते ते मूळ डिस्कवरच.

माझं काम चादरी-टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनचं; जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, आणि त्याचे हुक ताण्याचे धागे उचलतात. सगळी डिझाइनं एका 1 टीबीच्या डिस्कवर होती, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी ती उघडेना. वडिलांच्या वेळची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मात्र माळ्यावर सुतळीत बांधून पडलीयत, मागावर चढवली तर आजही चालतील. असो.

आधी कागद घ्या आणि नेमकं काय हवंय ते लिहा: पार्टीचं नाव, डिझाइन नंबर, अंदाजे तारीख, जॅकार्डचे हुक किती. हुक कशाला, ते पुढे येईल.

डिस्क शेवटची जोडली तेव्हा कशी वाजत होती ते आठवा. एकसारखी घरघर असेल तर ठीक. टक-टक करून थांबत असेल, तर खालचं सगळं विसरा. आतलं हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपल्याकडची धूळ त्यापुढे डोंगराएवढी. घरी उघडू नका, फ्रीजरमध्येही ठेवू नका, आत पाणी धरतं. चादरीत नीट गुंडाळा, पुण्याची गाडी पकडा आणि लॅबमध्ये द्या. गुंडाळायची ती फक्त बंद डिस्क, चालू डिस्क चादरीत तापून मरेल.

आवाज ठीक असेल तर दुसरी केबल मागून आणा. ती रुंद, चपटी पिन सैल होतेच होते. केबल सीपीयूच्या मागच्या पोर्टलाच लावायची, हबला नाही: यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, 3 चा 900, आणि हबवर त्यातही वाटेकरी. केस फोडून आतली डिस्क काढायचा मोह टाळा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सर्किटवरच असतं, काहींत डेटा एन्क्रिप्टही असतो.

आता सामान. आधी बिघडलेल्या डिस्कची पूर्ण प्रत काढायची, मग फाइली त्या प्रतीतून शोधायच्या. 1 टीबीसाठी 2 टीबीची रिकामी डिस्क घ्या, कारण पूर्ण प्रतीची एकच अख्खी फाइल होते आणि ती बरोबरीच्या डिस्कवर मावत नाही. ही नवी डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एफएटी 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एका पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू टाका, म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर सुरू करणारी सिस्टम; त्यात प्रत काढणारं डीडीरेस्क्यू आणि हरवलेलं पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क तयारच मिळतात. डीडीरेस्क्यू आधी सोपं तेवढं वाचून घेतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहीत राहतं. ही मॅप फाइल नव्या डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टम रॅममध्ये असते, लाइट गेली की सगळं पुसलं जातं. सोलापुरात लाइट जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर भरलेला हवा. डिस्कवर टेबलफॅन सोडा आणि रात्र मोकळी ठेवा: धडधाकट 1 टीबीला तीनेक तास लागतात, खराब सेक्टर असतील तर दिवसही जातात.

टेस्टडिस्क चालवायचं ते या प्रतीवरच. त्यानेही जमलं नाही तर त्याच्यासोबतच येणारं फोटोरेक फाइली काढतं, पण त्यांची नावं गेलेली असतात. तिथे तो कागद लागतो. आमच्या बीएमपी फाइलची रुंदी पिक्सेलमध्ये मोजली की हुक कळतात, आणि हुकांवरून पार्टी. माझ्या दोन पार्ट्यांचे जॅकार्ड नेमके सारख्या हुकांचे निघाले. त्यांच्या फाइली एकेक उघडून बघाव्या लागल्या.