माउथपीस घासण्याआधी मोजा: क्लॅरिनेटची फेसिंग कशी दुरुस्त करावी

चांगली रीड (वाजताना थरथरणारी वेताची पातळ पट्टी) लावूनही क्लॅरिनेट किंचाळते, तेव्हा लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. बऱ्याचदा दोष नुसत्या मळाचा असतो, आणि माउथपीसचं घासून गेलेलं एबोनाइट परत येत नाही. फेसिंग म्हणजे माउथपीसचा टोकाकडे रीडपासून दूर वळत जाणारा वक्र भाग.

आधी सफाई करा. रीड काढून माउथपीस कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी कटाक्षाने टाळा, कारण एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उष्णतेने ते वाकतं, हिरवट-तपकिरी पडतं आणि त्याला वासही येतो. लाळेतल्या क्षारांचा पांढरा थर साचला असेल, तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन टोकाकडची बाजू काही मिनिटं त्यात बुडवा. कॉर्क मात्र कोरडा राहू द्या. मग मऊ कापडाने पुसा. रोज आतून फडकं ओढू नका, त्याने आतला आकार हळूहळू झिजतो.

आता हवा धरते का ते पाहा. ओली रीड बांधा, मागचं भोक तळहाताने घट्ट बंद करा आणि हवा ओढून घ्या. रीड क्षणभर चिकटून मग ‘टप्’ आवाज करून सुटली, तर जोड बरा आहे. लगेच सुटली, तर दुसऱ्या रीडने पुन्हा करून पाहा. तरीही तसंच झालं, तर मोजमापाला बसा.

खरं काम इथेच आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा आखलेल्या काचेवर माउथपीसचा टेबल, म्हणजे रीड टेकते तो सपाट भाग, दाबून धरा. ०.०४ मिमीची फीलर पट्टी, म्हणजे ठरावीक जाडीची मोजमापाची पातळ पट्टी, टोकाकडून आत सरकवा आणि ती कुठे अडते ते दोन्ही रेलवर (रीडखालच्या उघड्या भागाच्या दोन बाजूंच्या अरुंद कडांवर) वाचा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला साधारण १७-१८ मिमी येतात. मग ०.२५, ०.६१ आणि ०.८६ मिमीच्या पट्ट्यांनीही हेच करा. सगळे आकडे लिहून ठेवा. डावी-उजवी बाजू जुळत नसेल, तर ज्या बाजूला पट्टी टोकाजवळच अडते, ती रेल उंच आहे.

त्या रेलवर पेन्सिलने खूण करा. जाड सपाट काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा. ओला यासाठी, की धूळ श्वासात जाऊ नये. उंच रेलवरच हलका भार देत दोन-तीन वेळा ओढा, पुसा, पुन्हा मोजा. पेन्सिल कुठे पुसली गेली यावरून हात नेमका कुठे टेकतोय ते कळतं. वक्र घासला की टोकाची फट (रीड आणि माउथपीसच्या टोकामधलं अंतर) वाढते, टेबल घासला की ती कमी होते आणि फेसिंगही आखूड होते. म्हणून टेबल वाकलेला असेल तर तो आधी सपाट करा, वक्र नंतर. फट बहुधा १ ते १.२ मिमी असते आणि शतांश मिलिमीटरांचा फरकही वाजवताना जाणवतो.

पहिला हात एखाद्या निकामी माउथपीसवर बसवा. शेवटी १००० नंबरचा पेपर फिरवा, धुवा, आणि सुरुवातीला वापरलेलीच रीड लावून वाजवा. रीड बदलली, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.